ग्रीक शोकात्मिकेची परिभाषा : काही संज्ञांचा इतिहास आणि त्यांचे अर्थांतर

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ग्रीक शोकात्मिकेची ओळख बहुधा संज्ञांपासून सुरू होते. कॅथार्सिस, हमार्तिया, पेरिपेतिया, अनाग्नोरिसिस, ह्युब्रिस, कोरस, डेउस एक्स माकिना अशी यादी विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येते. प्रत्यक्ष नाटक नंतर येते, आणि कित्येकदा येतही नाही. हे सर्व शब्द एकाच काळातील, एकाच शास्त्रातील आणि नाटककारांच्या नित्य परिचयाचे असावेत, असा समज त्यामुळे दृढ होतो. वस्तुस्थिती तशी नाही. यांपैकी काही शब्द अथेन्सच्या रंगभूमीवरील व्यवहाराचे होते. काहींना त्या रंगभूमीचा बहर ओसरल्यावर एका तत्त्ववेत्त्याने शास्त्रीय अर्थ दिला. काही लॅटिन आहेत, काहींचा आजचा अर्थ सोळाव्या ते विसाव्या शतकांतील युरोपात घडला, आणि किमान एक शब्द तर थेट न्यायालयातून आलेला आहे. या भिन्न काळांतील शब्दांचा कालक्रम लक्षात न घेता ते एकत्र वापरल्याने नाटकांच्या वाचनात कोणते विपर्यास शिरले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. सर्व संज्ञांचा परामर्श घेण्याचा येथे हेतू नाही. ज्यांच्या अर्थांतराने नाटकाचे रूपच बदलले, त्यांवर भर आहे.

रंगभूमीच्या व्यवहारातील शब्द

इ. स. पू. ५ व्या शतकात अथेन्समध्ये शोकात्मिका हा प्रथमतः एक नागरी आणि धार्मिक उपक्रम होता. वसंत ऋतूत भरणाऱ्या डायोनायससच्या महोत्सवात तीन कवींची स्पर्धा होत असे आणि प्रत्येक कवी तीन शोकात्मिका व एक सॅटिर-नाटक सादर करीत असे. या स्पर्धेत भाग घेऊ इच्छिणारा कवी ‘नाटक सादर करण्याची परवानगी’ मागत नसे. तो आर्खोन या अधिकाऱ्याकडे ‘कोरस’ मागत असे. त्याची निवड झाली की आर्खोनने त्याला ‘कोरस दिला’ असे म्हटले जाई. या कोरसचा खर्च ज्या धनिक नागरिकावर सोपवला जाई, तो ‘खोरेगोस’. एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचा इ. स. पू. ४७२ मधील खोरेगोस तरुण पेरिक्लीज होता. कवीला ‘दिदास्कालोस’ म्हणजे शिक्षक म्हणत, कारण कोरसला गाणे व नृत्य शिकवणे हे त्याचे काम असे. या तीन शब्दांचा एकत्र विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. अथेन्सच्या नागरिकाच्या दृष्टीने शोकात्मिकेचा गाभा नायक हा नव्हता, तर कोरस हा होता. आजच्या पाठ्यपुस्तकांत मात्र कोरसचा उल्लेख नायकाच्या विवेचनानंतर, ‘नाटकावर भाष्य करणारा समूह’ अशा एखाद्या वाक्यात उरकला जातो.

स्थळवाचक शब्दांतही हीच बाब दिसते. ‘थेआत्रोन’ म्हणजे पाहण्याची जागा, ‘ऑर्खेस्त्रा’ म्हणजे नृत्याची जागा, ‘स्केने’ म्हणजे मुळात तंबू किंवा राहुटी. नट वेष बदलत ती तात्पुरती लाकडी वास्तू म्हणजे स्केने. पुढे तिच्या दर्शनी भागाला राजवाड्याचे वा मंदिराचे रूप मिळाले आणि आजचा ‘सीन’ हा शब्द तिच्यापासून निघाला. ‘पारोदोस’ हा शब्द दुहेरी आहे. कोरस ज्या बाजूच्या वाटेने आत येई ती वाट, आणि आत येताना तो जे गीत गाई ते गीत, या दोहोंचे नाव एकच. ‘स्तासिमोन’ या समूहगीताचा अर्थ ‘उभे राहून म्हटलेले गीत’ असा अनेकदा सांगितला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. कोरस ऑर्खेस्त्रामध्ये आपल्या जागी स्थिर झाल्यानंतर गाई म्हणून ते नाव पडले. गाताना तो नृत्य करीत नव्हता असे त्यातून निघत नाही. या गीतांच्या कडव्यांना असलेली ‘स्त्रोफे’ व ‘अंतिस्त्रोफे’ ही नावेही वळणे आणि उलट वळणे या अर्थाचीच आहेत.

येथे एका चित्राविषयी सांगितले पाहिजे. ग्रीक रंगभूमीचे उदाहरण म्हणून पुस्तकांत जे दगडी, वर्तुळाकार नाट्यगृह हमखास छापले जाते, ते एपिडॉरसचे आहे आणि ते सॉफोक्लीजच्या निधनानंतर, इ. स. पू. ४ थ्या शतकात बांधले गेले. अथेन्सचे नाट्यगृहही दगडात पूर्ण झाले ते लायकर्गसच्या कारभारात, त्याच शतकाच्या उत्तरार्धात. ‘ईडिपस’चे प्रेक्षक लाकडी बाकांवर बसले होते. त्यांची संख्या पूर्वी १४ ते १७ हजार सांगितली जाई. अलीकडील पुरातत्त्वज्ञांपैकी अनेकांच्या मते ५ व्या शतकातील नाट्यगृहात सुमारे ६ हजारांच्या आसपासच लोक मावत असावेत, आणि त्या काळातील ऑर्खेस्त्रा वर्तुळाकार होती की चौकोनी, हाही वादाचा विषय झाला आहे. उंच रंगमंचाची कल्पना मुख्यतः व्हिट्रूव्हिअस आणि पोलक्स या रोमन काळातील लेखकांवरून घेतली गेली. विल्हेल्म डोर्पफेल्ड यांनी अथेन्समधील उत्खननाच्या आधारे १८९६ मध्ये तिला आव्हान दिले. थोडक्यात, परिभाषेचा कालविपर्यास केवळ शब्दांपुरता नाही, चित्रांतही आहे.

नटाला ‘हिपोक्रितेस’ म्हणत. उत्तर देणारा, की अर्थ उलगडून सांगणारा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण कोरसच्या गाण्यासमोर बोलणारा एक माणूस उभा राहिला आणि नाटक जन्माला आले, ही स्मृती दोन्ही अर्थांत टिकून आहे. एस्किलसने दुसरा नट आणला आणि सॉफोक्लीजने तिसरा, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. यांतील पहिल्या नटाला ‘प्रोतागोनिस्तेस’ म्हणत. हा शब्द आज ‘नायक’ या अर्थी सर्रास वापरला जातो, परंतु ग्रीक रंगभूमीवर तो नटाचा दर्जा दाखवणारा होता, पात्राचा नव्हे. एकच प्रथम नट एका नाटकात एकाहून अधिक भूमिका मुखवटे बदलून करू शकत असे. ‘अ‍ॅन्टिगनी’चा प्रोतागोनिस्ट अ‍ॅन्टिगनी की क्रेऑन, हा परीक्षेतील लाडका प्रश्न म्हणूनच फसवा आहे. तो प्रश्न विचारता येतो, पण त्या ग्रीक शब्दाच्या आधाराने विचारता येत नाही.

‘त्रिनाट्य’ या शब्दाबाबतही असाच घोटाळा आहे. संपूर्ण उपलब्ध असलेले एकमेव ग्रीक त्रिनाट्य म्हणजे एस्किलसचे ‘ओरेस्टिया’, इ. स. पू. ४५८ चे. सॉफोक्लीजच्या थीब्ज नगरीविषयीच्या तीन नाटकांना त्रिनाट्य म्हणण्याची प्रथा आहे, परंतु ‘अ‍ॅन्टिगनी’ सुमारे इ. स. पू. ४४१ चे, ‘ईडिपस’ त्यानंतर दशकभराहून अधिक काळाने आलेले, आणि ‘कोलोनसमधील ईडिपस’ कवीच्या मृत्यूनंतर ४०१ मध्ये सादर झालेले आहे. तिन्ही वेगवेगळ्या स्पर्धांतील आहेत. त्यांतील क्रेऑन एकच व्यक्ती मानून त्याच्या स्वभावाचा ‘विकास’ शोधणे म्हणजे कवीने न लिहिलेले नाटक वाचणे होय.

अ‍ॅरिस्टॉटलचे अंतर

सॉफोक्लीज आणि युरिपिडीज हे दोघेही इ. स. पू. ४०६ च्या सुमारास वारले. अ‍ॅरिस्टॉटलचा जन्म ३८४ चा, तोही अथेन्समधील नव्हे, उत्तरेकडील स्टॅगिरा येथील. त्याने ‘काव्यशास्त्र’ लिहिले तेव्हा तो ज्या नाटकांविषयी बोलत होता, त्यांतील कित्येक नाटके जवळजवळ शतकभर जुनी झाली होती. जुन्या नाटकांचे पुनःप्रयोग होत होते आणि ती वाचलीही जात होती. वाचनानेही शोकात्मिकेचा परिणाम साधतो, असे त्याने म्हटले आहे. शोकात्मिकेच्या सहा घटकांत त्याने कथानक, स्वभाव, विचार, भाषा, गीत आणि दृश्य यांचा समावेश केला, पण दृश्याला काव्यकलेशी सर्वांत कमी संबंध असलेला घटक ठरवले. ज्या खोरेगोसच्या पैशावर आणि ज्या कोरसच्या पायांवर हे नाटक उभे होते, ते या शास्त्रात कडेला गेले. अ‍ॅरिस्टॉटलला दोष देण्याचे कारण नाही. स्पर्धांच्या नोंदींचे संकलन त्यानेच केले होते आणि रंगभूमीचा इतिहास त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होता. मात्र ‘काव्यशास्त्र’ हे कथानकाचे शास्त्र आहे, प्रयोगाचे नव्हे, आणि त्यातून आलेल्या संज्ञा कथानकाच्या आहेत, हे विसरता येत नाही.

पेरिपेतिया आणि अनाग्नोरिसिस या दोन संज्ञांनी ही मर्यादा सांभाळून मोठे काम केले आहे. घटनाक्रम अपेक्षेच्या उलट दिशेने वळणे आणि अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे, हे त्यांचे अर्थ आजही जवळपास अबाधित आहेत. कोरिंथचा दूत ईडिपसची भीती घालवण्यासाठी येतो आणि त्याच बोलण्याने ती खरी ठरवतो, हे अ‍ॅरिस्टॉटलचे उदाहरण आजही वर्गात तितकेच परिणामकारक ठरते. संकल्पना नाटकातून काढली आणि पुन्हा नाटकावरच तपासली, तर ती किती टिकाऊ होते याचा हा दाखला मानावा.

तीन ऐक्यांचे तसे नाही. शोकात्मिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्याच्या आत राहण्याचा प्रयत्न करते, एवढेच अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते; स्थळाच्या ऐक्याविषयी तो मौन आहे. त्याचे नियम झाले ते इटलीत, विशेषतः कास्तेलव्हेत्रो यांच्या १५७० मधील भाष्यातून. ग्रीक नाटककारांना ते ठाऊक असते तर ‘युमेनिडीज’मध्ये डेल्फीहून अथेन्सला जाण्याचे धाडस एस्किलसने केले नसते. पाच अंकांचा आग्रहही ग्रीक नव्हे. तो रोमन कवी होरेसचा आहे.

हमार्तिया : चूक की स्वभावदोष

ग्रीक शोकात्मिकेच्या अध्यापनात सर्वांत अधिक हानी कोणत्या एका शब्दाच्या अर्थांतराने झाली असेल, तर ती हमार्तियाच्या. या शब्दामागील क्रियापदाचा होमरमधील अर्थ साधा आहे : फेकलेला भाला लक्ष्यावर न लागणे. ‘काव्यशास्त्रा’च्या १३ व्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल असे सांगतो की, शोकात्मिकेचा नायक अतिशय सद्गुणी नसावा आणि दुष्टही नसावा, या दोहोंमधील असावा, आणि तो दुराचारामुळे नव्हे तर एखाद्या हमार्तियामुळे सुखातून दुःखात पडावा. वाक्याची रचना विचारात घेण्यासारखी आहे. हमार्तिया येथे दुराचाराच्या विरुद्ध बाजूस ठेवलेली आहे. ‘निकोमाखिअन नीतिशास्त्रा’त तो निव्वळ दुर्दैव, चूक आणि अन्याय असे तीन प्रकार वेगळे करतो. अजाणता, पण ज्याचा अंदाज येऊ शकला असता असे अहितकारक कृत्य म्हणजे चूक, आणि तिच्यासाठी तेथे वापरलेला शब्द याच धातूपासून आला आहे.

मग ‘स्वभावदोष’ हा अर्थ आला कोठून? दोन वाटा स्पष्ट दिसतात. पहिली ख्रिस्ती धर्मग्रंथाची. ग्रीक नव्या करारात हमार्तिया हा पापाचा नित्याचा शब्द आहे, आणि युरोपातील कित्येक विद्वानांचा ग्रीकशी पहिला परिचय त्याच ग्रंथातून झाला होता. दुसरी वाट शेक्सपिअरची. एकोणिसाव्या शतकात आणि पुढे ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ मधील प्रसिद्ध व्याख्यानांतून शेक्सपिअरच्या नायकांचे स्वभावविश्लेषण ही समीक्षेची प्रमुख पद्धत झाली. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा किंवा ऑथेल्लोचा संशय यांसाठी सिद्ध झालेला साचा ईडिपसवर बसवणे मग सोपे झाले. आपल्याकडील विद्यापीठांत ग्रीक नाटक बहुतांशी इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून आले, त्यामुळे तो साचाही सोबत आला.

परिणाम काय झाला, हे ई. आर. डॉड्स यांनी १९६६ च्या आपल्या निबंधात नोंदवले आहे. ऑक्सफर्डमधील परीक्षेत ‘ईडिपस’विषयीच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाच्या मते ईडिपसला त्याच्या दोषाची शिक्षा मिळाली. दुसऱ्याच्या मते तो नियतीच्या हातातील बाहुले होता. तिसऱ्याच्या मते सॉफोक्लीज हा निव्वळ कलावंत असल्याने असे प्रश्नच गैरलागू आहेत. डॉड्स यांनी तिन्ही मते नाकारली. मराठी मुलखातील कोणत्याही महाविद्यालयात हाच प्रश्न विचारला तर पहिल्या दोन गटांत बहुसंख्य उत्तरे पडतील, याविषयी अध्यापकांना शंका वाटू नये. जे. एम. ब्रेमर यांचा ग्रंथ १९६९ मध्ये आणि टी. सी. डब्ल्यू. स्टिंटन यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चर्चेत हमार्तियाची व्याप्ती किती, यावर मतभेद राहिले. परंतु एकच जन्मजात स्वभावदोष हा अर्थ त्यानंतर ग्रीकच्या अभ्यासकांत फारसा टिकला नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र तो टिकला.

या अर्थाने नाटकाचे काय होते ते पाहावे. ईडिपसचा दोष म्हणून बहुधा त्याचा राग दाखवला जातो. पण तिठ्यावर त्याने रागाच्या भरात केलेला वध हा पितृवध ठरतो तो रागामुळे नव्हे, मृत माणूस कोण हे त्याला माहीत नसल्यामुळे. रागीट माणसाची शिक्षा आईशी विवाह, असा हिशेब कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. शिवाय त्याचा शोध घेण्याचा हट्ट, सत्य कळेपर्यंत न थांबणे, हा त्याचा मोठेपणाही दोषाच्या खात्यावर जमा होतो. युरिपिडीजच्या ‘ट्रोजन विमेन’मधील हेक्युबाचा, किंवा तटावरून फेकल्या जाणाऱ्या तिच्या नातवाचा दोष कोणता? येथे एक गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलच्या विरोधातही नोंदवली पाहिजे. मेडिया आपल्या मुलांना जाणूनबुजून मारते; तेथे अज्ञानातील चूकही नाही. हमार्तिया ही एका प्रकारच्या कथानकाला लागू पडणारी संज्ञा आहे, उपलब्ध असलेल्या सर्व ३२ शोकात्मिकांची किल्ली नव्हे.

कॅथार्सिस आणि भाषांतरकार

‘काव्यशास्त्रा’त कॅथार्सिस हा शब्द दोनदाच येतो. एकदा शोकात्मिकेच्या व्याख्येत, करुणा आणि भय यांच्या संदर्भात. आणि दुसऱ्यांदा १७ व्या प्रकरणात, ओरेस्टिसच्या धार्मिक शुद्धीकरणाच्या कथेत, जेथे त्याचा सिद्धांताशी संबंध नाही. ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या पुस्तकात संगीताची चर्चा करताना, या शब्दाचे अधिक स्पष्टीकरण काव्यावरील ग्रंथात करू, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. ते स्पष्टीकरण आज हाती असलेल्या ग्रंथात नाही. एका अर्धवट वाक्यावर एवढे ग्रंथभांडार उभे राहिल्याचे उदाहरण साहित्यशास्त्रात दुसरे सापडणे कठीण.

ही रिकामी जागा प्रत्येक काळाने आपापल्या गरजेप्रमाणे भरली. लेसिंग यांनी १७६७ ते १७६९ या काळातील आपल्या नाट्यलेखनात भावनांचे सद्गुणांत रूपांतर, असा नैतिक अर्थ लावला. याकोब बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये तो नाकारून वैद्यकीय अर्थ मांडला : शरीरातील साचलेला मळ औषधाने बाहेर काढावा तसा भावनांचा निचरा. बौद्धिक स्पष्टीकरण हा तिसरा अर्थ विसाव्या शतकात पुढे आला. कोणताही एक अर्थ ‘अ‍ॅरिस्टॉटलचे मत’ म्हणून सांगणे अप्रामाणिक ठरेल. सांगायचेच तर भाष्यकाराचे नाव आणि साल घेऊन सांगावे लागते.

याच ग्रंथाच्या प्रवासातील एक जुना टप्पा येथे विशेष लक्षणीय आहे. दहाव्या शतकात बगदाद येथे अबू बिश्र मत्ता यांनी ‘काव्यशास्त्र’ सिरिअ‍ॅकमधून अरबीत आणले. त्या परंपरेसमोर ग्रीक नाटकाचा प्रयोग नव्हता, त्यामुळे शोकात्मिकेला ‘स्तुतिकाव्य’ आणि सुखात्मिकेला ‘निंदाकाव्य’ असे अरबी काव्यातील परिचित शब्द योजले गेले. बाराव्या शतकात इब्न रुश्द यांनी आपले भाष्य याच शब्दांवर उभारले, आणि १२५६ मध्ये हेर्मानुस अलेमानुस यांनी ते लॅटिनमध्ये नेले. मूळ ग्रीकवरून मोरबेकच्या विल्यम यांनी १२७८ मध्ये केलेले लॅटिन भाषांतर उपलब्ध असूनही वाचले गेले ते इब्न रुश्द यांचेच भाष्य. या विद्वानांना हसण्याचे कारण नाही. नाटक पाहिले नसता संज्ञा समजून घेण्याचा तो अत्यंत बुद्धिमान प्रयत्न होता. नाटक वाचले नसता संज्ञा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती त्याहून फार वेगळी नाही; फरक इतकाच की, त्याला नाटक ग्रंथालयात मिळू शकते.

ह्युब्रिस : न्यायालयातील शब्द

हमार्तियाचा अर्थ स्वभावदोष ठरल्यावर, तो दोष कोणता हे सांगण्यासाठी बहुधा ह्युब्रिस हा शब्द पुढे केला जातो आणि त्याचा अर्थ ‘देवांपुढील गर्व’ असा दिला जातो. अ‍ॅरिस्टॉटलच्या शोकात्मिकेच्या व्याख्येत किंवा नायकाच्या विचारात ह्युब्रिसला स्थान नाही. तो शब्द त्याने ‘वक्तृत्वशास्त्रा’त स्पष्ट केला आहे. कोणताही लाभ नसता, सूडही नसता, केवळ आपल्या वरचढपणाचा आनंद घेण्यासाठी दुसऱ्याची मानहानी करणे, म्हणजे ह्युब्रिस. अथेन्समध्ये तो फौजदारी गुन्हा होता आणि त्याविरुद्ध कोणीही नागरिक फिर्याद करू शकत असे. एन. आर. ई. फिशर यांच्या १९९२ मधील ग्रंथाने या कायदेशीर व सामाजिक अर्थाची सविस्तर मांडणी केली.

या शब्दाचा सर्वांत बोलका वापर नाट्यगृहातच झाला, पण तो नाटकात नव्हे. इ. स. पू. ३४८ च्या सुमारास डायोनायससच्या महोत्सवात वक्ता डिमॉस्थेनीस हा आपल्या जमातीच्या कोरसचा खोरेगोस होता. मेइडिअस नावाच्या त्याच्या धनाढ्य वैऱ्याने भर नाट्यगृहात त्याच्या तोंडात मारली. मेइडिअसविरुद्धचे डिमॉस्थेनीसचे भाषण उपलब्ध आहे. कोरससाठी करवून घेतलेली वस्त्रे आणि सोन्याचे मुकुट रात्री सोनाराच्या घरात शिरून नष्ट करण्याचा प्रयत्न झाला, अशीही तक्रार त्यात आहे. आणि साऱ्या भाषणाचा भर एका शब्दावर आहे, ह्युब्रिस. अथेन्सच्या नागरिकाला हा शब्द ऐकून आठवत असेल ते असे काही : भर लोकांत बसलेली थप्पड.

शोकात्मिकांत हा शब्द येतच नाही असे नव्हे. ‘पर्शियन्स’मध्ये डरायसचे भूत पर्शियनांच्या पराभवाचे कारण ह्युब्रिस हेच सांगते, पण तेथेही त्यामागे ठोस कृत्य आहे : ग्रीसमधील मंदिरांची लूट व जाळपोळ. मनातील गर्व आणि दुसऱ्यावर केलेला अपमानकारक अतिरेक यांतील भेद पुसला, की अ‍ॅन्टिगनीपासून प्रोमिथिअसपर्यंत सर्वांनाच गर्विष्ठ ठरवता येते, आणि सत्तेपुढे न वाकणाऱ्या व्यक्तीचा अपराध तिच्या न वाकण्यातच शोधला जातो. हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न राहत नाही.

मराठी पर्याय

मराठीत ‘ट्रॅजेडी’साठी ‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ असे दोन शब्द रूढ आहेत. वृत्तपत्रांतून पहिला इतका रुळला आहे की, एखादा अपघात किंवा फसलेली सरकारी योजनाही ‘शोकांतिका’ ठरते. ग्रीक नाटकाच्या बाबतीत तो अयोग्य आहे, कारण तो शेवटावर बोट ठेवतो. ‘युमेनिडीज’चा शेवट समेटात आणि मिरवणुकीत होतो, युरिपिडीजचे ‘हेलन’ आणि ‘टॉरिसमधील इफिजिनिया’ सुटकेत संपतात. इतकेच नव्हे, १३ व्या प्रकरणात दुःखान्त शेवट श्रेष्ठ मानणारा अ‍ॅरिस्टॉटल १४ व्या प्रकरणात, ओळख पटून घात टळतो ती रचना सर्वोत्तम ठरवतो आणि उदाहरण याच इफिजिनियाचे देतो. ‘शोकात्मिका’ हा शब्द ही अडचण टाळतो. पण त्याचीही स्वतःची ओढ आहे. शोक हा करुणरसाचा स्थायिभाव, त्यामुळे हा शब्द उच्चारताच भरतमुनींची रसव्यवस्था मनात जागी होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या जोडीतील दुसरी भावना, भय, रसव्यवस्थेत भयानक या वेगळ्या रसाकडे जाते. ग्रीक प्रेक्षकाला एकाच वेळी ज्या दोन भावना जाणवाव्यात असे अ‍ॅरिस्टॉटलला अपेक्षित होते, त्या मराठी संज्ञेत विलग होतात आणि भय मागे पडते.

कॅथार्सिससाठी रूढ असलेला ‘विरेचन’ हा शब्द आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एका कर्माचा आहे. तो स्वीकारताना बेर्नाइस यांची बाजू नकळत स्वीकारली जाते, आणि लेसिंग यांची वाट बंद होते. ‘शुद्धीकरण’ म्हटले तर उलट घडते. विंदा करंदीकर यांनी १९५७ मध्ये ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणल्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी प्रश्नपत्रिकांत आणि मार्गदर्शिकांत या पर्यायांची निवड अजूनही अविचाराने होताना दिसते.

एका शब्दाच्या बाबतीत मात्र मराठी अधिक सुदैवी आहे. हमार्तियासाठी ‘प्रमाद’ हा शब्द आपल्याकडे आहे. त्याच्या मुळाशी अनवधान आहे, दुष्टता नाही. तो घडतो, स्वभावात वसत नाही. आणि त्याचे परिणाम कितीही भयंकर झाले तरी तो करणाऱ्याला पापी म्हणणे भाग पडत नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील ‘दोष’ भाषांतरित करण्याऐवजी हा शब्द वापरला, तर अ‍ॅरिस्टॉटलच्या वाक्यातील विरोध मराठीत जसाच्या तसा उमटतो.

नाटकाच्या शीर्षकाचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. अ‍ॅरिस्टॉटल त्याला नुसते ‘ईडिपस’ म्हणतो. ‘तिरानोस’ हा शब्द ‘कोलोनसमधील ईडिपस’पासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून नंतर जोडला गेला असावा. तिरानोस म्हणजे मुळात वारशाने नव्हे, तर स्वतःच्या कर्तबगारीने वा बळाने सत्तेवर आलेला शासक, जरी शोकात्मिकांत तो शब्द पुष्कळदा साध्या राजासाठीही येतो. बर्नार्ड नॉक्स यांनी १९५४ मध्ये या शब्दावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. कोडे सोडवून थीब्जचा शासक झालेला परका माणूस लायसचा पुत्र निघतो, म्हणजे तो जन्मानेच तेथील राजा असतो. आणि हेच त्याच्या विनाशाचे कारण ठरते. लॅटिनमध्ये तिरानोसचे ‘रेक्स’ झाले आणि हा भेद बुजला. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकाच्या आपल्या मराठी रूपाला ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले. नायकाचे नाव त्यांनी लॅटिन वळणाचे ‘ईडिपस’ न ठेवता ग्रीक उच्चाराजवळ नेले. त्यामागील ‘राजा’ मात्र रेक्सचाच राहिला.